ग्रांथिक भूतकाळाची कुळकथा

फ्रेंच भाषेचा अभ्यास मनावर घेतलेल्या मराठी विद्यार्थ्यास आरंभी उच्चारांचा त्रास होतो, लिंगभेदाचा होतो. पण त्याची खरी कसोटी तो प्रथम एखादे गोष्टीचे पुस्तक उघडतो तेव्हा लागते. 'त्याने केले' हे फ्रेंचमध्ये सांगावयाचे तर 'इल आ फे' म्हणावे, असे त्याने तोपर्यंत पक्के केलेले असते. पुस्तकात मात्र त्यास 'इल फी' असे काही निराळेच आढळते. व्याकरण उघडावे, तो तेथे पूर्ण चालवून दिलेले रूप दिसते : 'ज फी, तु फी, इल फी, नू फीम, वू फीत, इल फीर'. म्हणजे मी केले, तू केलेस, त्याने केले. आम्ही केले, तुम्ही केले, त्यांनी केले. खाली टीप असते की हा 'पासे सँप्ल', म्हणजे साधा भूतकाळ, केवळ लेखनात वापरतात. संभाषणात तो कोणी वापरीत नाही. जे कोणी बोलत नाही ते पाठ कशास करावयाचे, असा प्रश्न विद्यार्थ्याने केला तर तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात नाही, ते इतिहासात आहे. आणि तो इतिहास एकट्या फ्रेंचचा नसून आपल्या मराठीचाही आहे. आपल्या पूर्वजांनीही असाच एक भूतकाळ बोलण्यातून घालविला, त्याच्या जागी दुसरा घडविला, आणि पुढे स्वतःसाठी एक नवा ग्रांथिक भूतकाळ निर्माण केला. या घडामोडींचे कित्येक पुरावे आमच्या नागपूरच्या परिसरातच पडलेले आहेत. म्हणून या विषयाची थोडी चर्चा येथे करावयाचे योजिले आहे.

फ्रेंचमध्ये 'इल फी' आणि 'इल आ फे' ही दोन्ही रूपे एके काळी बोलण्यात होती, आणि त्यांच्या अर्थात भेद होता. सतराव्या शतकातील व्याकरणकारांनी तो एका सुटसुटीत नियमात बांधला. आजच्या दिवसात घडलेली गोष्ट 'इल आ फे' या रूपाने सांगावी. 'इल फी' हे रूप निदान एक रात्र मध्ये गेलेल्या गोष्टीसच योग्य. पोर-रोयाल मठातील विद्वानांच्या १६६० सालच्या प्रसिद्ध व्याकरणात हा नियम दिला आहे. त्यापूर्वी १६३८ साली फ्रेंच अकादमीने कोर्नेय याच्या 'ल सिद' या नाटकावर आपला अभिप्राय प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच दिवशी घडलेल्या अपमानाविषयी नाटककाराने साधा भूतकाळ वापरला म्हणून त्याचा दोष दाखविण्यात आला होता.

पाणिनीची ओळख असलेल्या वाचकास हा नियम वाचून जुना स्नेही भेटल्यासारखे वाटेल. पाणिनीने भूतकाळाची तीन रूपे सांगितली आहेत. सामान्य भूतकाळास लुङ्. आजच्या दिवसापूर्वीच्या, म्हणजे 'अनद्यतन' भूतकाळास लङ्. आणि जे अनद्यतन असून शिवाय 'परोक्ष', म्हणजे बोलणाऱ्याच्या डोळ्याआड घडलेले, त्यास लिट्. 'कृ' धातूची ही रूपे अनुक्रमे 'अकार्षीत्', 'अकरोत्' आणि 'चकार' अशी होतात. पॅरिसच्या पंडितांनी चोवीस तासांची जी मर्यादा घातली, ती पाणिनीने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी 'अनद्यतन' या एका शब्दात घातली होती. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण 'आजचे' आणि 'मागचे' यांत भेद करण्याची गरज दोन्ही भाषांना भासली होती.

परोक्षाचा नियम तर याहून सूक्ष्म आहे. जे मी स्वतः केले ते माझ्या डोळ्याआड कसे घडेल? मग लिटाचे उत्तमपुरुषी रूप वापरावयाचे केव्हा? टीकाकारांनी याचे मोठे मार्मिक उत्तर दिले आहे : मनुष्य झोपेत असेल, मद्याच्या अमलाखाली असेल, किंवा त्याचे चित्त ठिकाणावर नसेल, तर स्वतःचे कृत्यही त्यास परोक्षच. अशा भाषेत क्रियापदाचे रूप हेच एक प्रकारे साक्षीदाराचे काम करिते.

हे केवळ अलंकारिक बोलणे नव्हे. पतंजलीच्या काळनिर्णयाचा एक मुख्य आधार असे एक रूपच आहे. एखादी गोष्ट बोलणाऱ्याने पाहिली नसली, तरी ती लोकप्रसिद्ध असून त्याच्या हयातीत पाहता येण्यासारखी असेल, तर तेथे लिट् न वापरता लङ् वापरावा, असे कात्यायनाचे वार्तिक आहे. त्याचे उदाहरण म्हणून पतंजलीने यवनाने साकेतास वेढा घातल्याचे वाक्य दिले आहे. अर्थात हा वेढा पतंजलीच्या आयुष्यातील असला पाहिजे, असे अनुमान गोल्डस्ट्यूकर याने १८६१ साली मांडिले, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी पुढे इतर पुराव्यांची जोड देऊन ते दृढ केले. पतंजली ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला, हे मत पुष्कळ अंशी क्रियापदाच्या एका रूपावर उभे आहे. काळाचे रूप हा इतिहासाचा दस्तऐवज असतो तो असा.

परंतु ही तिन्ही रूपे लोकांच्या तोंडी टिकली नाहीत. पालीत त्यांपैकी काही जगली, अर्धमागधीत थोडी उरली; महाराष्ट्री प्राकृतात मात्र 'आसि', म्हणजे 'होता', यासारखे तुरळक अवशेष सोडले तर सारेच गेले. आणि ही महाराष्ट्री आपणांस काही दूरची नाही. नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळ नगरधन नावाचे गाव आहे. तेच वाकाटकांचे नंदिवर्धन. त्या वंशातील दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात 'सेतुबंध' हे महाकाव्य रचिले, ते याच महाराष्ट्रीत. या राजाच्या कोरीव लेखांचा आयुष्यभर अभ्यास करणारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी हे नागपूरचेच. त्याच प्रवरसेनाचा चम्मक येथील ताम्रपट अमरावती जिल्ह्यात सापडला आहे. तो संस्कृतात आहे. पण त्यातही गाव दान दिल्याची मुख्य क्रिया 'अतिसृष्ट' या धातुसाधिताने सांगितली आहे. राजाच्या लेखनिकाला लिट् येत नव्हता असे कोण म्हणेल? पण व्यवहाराच्या भाषेचा ओढाच तिकडे होता. 'त्याने केले' म्हणण्यास 'चकार' नको, 'तेन कृतम्' पुरे, अशी समजूत राजदरबारापासून बाजारापर्यंत रूढ झाली होती.

या 'तेन कृतम्' मधूनच आपले 'त्याने केले' निघाले. 'कृत' याचे प्राकृतात झिजलेले रूप, त्यास 'इल्ल' हा प्रत्यय, आणि त्यावरून 'केला, केली, केले'; 'गत' यावरून तसेच 'गेला'. म्हणूनच मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याचे ऐकत नाही, कर्माचे ऐकते. 'रामाने चिठ्ठी लिहिली' यात 'लिहिली' हे मुळात चिठ्ठीचे विशेषण आहे. फ्रेंचमध्येही हाच प्रकार झाला. 'इल आ फे' याचा मूळ अर्थ 'त्यापाशी केलेले आहे' असा. कर्म क्रियापदाच्या आधी आले असता हे धातुसाधित आजही लेखनात कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे फिरते, आणि फ्रेंच मुलांस शुद्धलेखनात सर्वांत अधिक रडविते ते हेच.

दोन दूरच्या भाषांत एकच घटना घडावी, हा योगायोग नव्हे. आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९०९ साली, भूतकाळाची साधी रूपे कशी लोप पावतात, यावर एक निबंध लिहिला. पॅरिसकडील बोलण्यातून 'इल फी' नाहीसे झाल्याचे पाहून, अनेक भाषांत असेच कसे घडले, याचा त्याने विचार केला. साध्या रूपांत अनियमितपणा फार, प्रत्येक क्रियापदाची तऱ्हा वेगळी. उलट धातुसाधित आणि साहाय्यक क्रियापद यांची जोडी शिकण्यास सोपी, शिवाय तिच्यात झालेल्या गोष्टीचा आजच्या स्थितीशी संबंध स्पष्ट राहतो. म्हणून बोलणारा हळूहळू तिकडेच वळतो. याच मेयेचे एक शिष्य झ्यूल ब्लोक. त्यांनी मराठीच्या जडणघडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९४१ साली वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या भाषांतरामुळे तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने आपल्या हाती आला. गुरूच्या मातृभाषेत जे डोळ्यांदेखत चालले होते, ते मराठीच्या पूर्वजांत दीड हजार वर्षांपूर्वीच होऊन गेले होते.

येथे एक शंका येते. परोक्षाचे रूप गेले, तेव्हा पाहिलेले आणि ऐकलेले यांतील भेद सांगण्याचे सामर्थ्य भाषेतून गेले काय? या शंकेचे उत्तर अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास मिळते. याच गावी प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता हिचा संस्कृत ताम्रपट सापडला. आणि याच गावी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. म्हाइंभटाजवळ लिट् नव्हता. त्याच्याजवळ होते ते 'केलें, म्हणितलें' असे साधे मराठी भूतकाळ. तेव्हा त्याने दुसरा मार्ग धरिला. ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या त्यांच्याकडे तो गेला, त्यांना विचारिले, आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. पुढे मूळ पोथी धाडीत गेली, तेव्हा निरनिराळ्या शिष्यांनी स्मरणावरून पाठ लाविले. त्या पाठभेदांस पंथात 'वासना' असे म्हणतात, आणि कोणती वासना कोणाची हेही सांगितले जाते. प्रत्ययाने जे काम करावयाचे ते माणसांच्या नावांनी केले. व्याकरणात जे उणे पडले ते प्रामाणिकपणाने भरून काढिता येते, हे या ग्रंथाने दाखविले आहे. नागपुरास हरि नारायण नेने यांनी हा ग्रंथ प्रथम छापून प्रकाशात आणिला. विष्णु भिकाजी कोलते यांनी त्याची संपूर्ण आवृत्ती १९७८ साली सिद्ध केली. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, हे उचितच झाले.

आता या कुळकथेचा दुसरा भाग. आपण मराठी वाचक 'इल फी' या रूपाकडे परकेपणाने पाहतो. पण 'तो रोज पहाटे उठे, नदीवर जाई आणि सूर्याला नमस्कार करी' असे वाक्य आपण पुस्तकात सहज वाचितो. घरात असे कोण बोलतो? तेथे 'उठायचा, जायचा, करायचा' हीच रूपे ऐकू येतात. 'मी करी, तू करीस, तो करी. आम्ही करू, तुम्ही करा, ते करीत' हा जो रीतिभूतकाळ आपली व्याकरणे देतात, तो आपला पासे सँप्लच होय. ग्रंथात त्याचे राज्य आहे, पण बोलण्यात त्याचा वावर फारसा उरलेला नाही.

मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. 'इल फी' हे जन्मापासून भूतकाळाचेच रूप. लॅटिनमध्ये ते 'फेकित' असे होते, आणि अनेकवचनी 'इल फीर' मधला 'र' व 'चक्रुः' याच्या शेवटी विसर्गाआड लपलेला 'र्' हे मुळात एकच, असे भाषाशास्त्रज्ञ मानितात. आपले 'करी' मात्र भूतकाळाच्या वंशातले नव्हेच. संस्कृत वर्तमानकाळी 'करोति', त्याचे प्राकृत 'करइ', त्याचे मराठी 'करी'. ज्ञानेश्वरांच्या काळी 'करी' याचा अर्थ 'करतो' असा होता. पुढे 'करीत' या धातुसाधितावरून 'करितो, करतो' हे नवे वर्तमान बनले. त्याने जुन्यास व्यवहारातून बाजूस सारिले, आणि जुने गोष्टी सांगण्यात उरले. गोष्टीतला वर्तमान हा ऐकणाऱ्यास भूतकाळच वाटतो. म्हणून 'राजा शिकारीस जाई' याचा अर्थ हळूहळू 'जात असे' असा झाला. वर्तमान भूत झाले ते असे.

तथापि जुने रूप सर्वस्वी गेले असेही नाही. त्यास 'ल' जोडून 'करील, जाईल' हा आपला भविष्यकाळ झाला. 'पोर जेवेना, ऐकेना' असे आई आजही म्हणते, त्यात तेच नकारासह जिवंत आहे. 'दाम करी काम' या म्हणीत ते आपल्या मूळच्या वर्तमान अर्थाने बसलेले आहे. पैसा पूर्वी काम करीत असे आणि आता करीत नाही, असा त्या म्हणीचा अर्थ कोणी घेणार नाही.

आणि येथेच या साऱ्या चर्चेचे खरे प्रयोजन आहे. जुने वर्तमान ज्यास नव्या भूतकाळासारखे दिसते, तो वाचक जुने मराठी वाचिताना फसतो. भोसल्यांच्या काळातील सनदेत किंवा पत्रात 'दिधले असे' असे लिहिलेले असते. आजच्या सवयीने पाहिले तर 'दिलेले असे', म्हणजे पूर्वी कधी दिलेले असावयाचे आणि आता नाही, असा ग्रह होण्याचा संभव आहे. लिहिणाऱ्याचा अर्थ 'दिले आहे' इतकाच. जमिनीचा हक्क चालू आहे की संपला, एवढा अर्थाचा फरक एका 'असे' वर अवलंबून आहे.

दस्तऐवजापेक्षाही मोठी हानी होते ती संतांच्या वाचनात. 'तुका म्हणे' ही मुद्रिका आपल्या कानात इतकी मुरलेली आहे की तिचा काळ कोणता, हा विचार आपण करीत नाही. शाळेत रीतिभूतकाळ शिकलेल्या मुलास विचारून पाहावे. 'म्हणे' म्हणजे 'म्हणत असे', असे तो नियमाला धरून सांगेल. आणि त्याच्या दृष्टीने तुकाराम हा पूर्वी कधी काही म्हणत असलेला एक मनुष्य ठरेल. पण 'तुका म्हणे' याचा अर्थ 'तुका म्हणतो' असा आहे. तो आत्ता म्हणतो आहे, आपणांसमोर उभा राहून म्हणतो आहे. अभंग म्हणणारा वारकरी व्याकरण न शिकताही हे जाणतो. विसाव्या शतकात तुकडोजी महाराजांनी 'तुकड्या म्हणे' अशी मुद्रा वापरली, तीही त्याच वर्तमान अर्थाने. नागपूर विद्यापीठास ज्यांचे नाव दिले आहे, त्यांच्या मुद्रेतले क्रियापद तरी त्या विद्यापीठाच्या पदवीधरास नीट कळावे, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

फ्रान्समध्येही आपल्या ग्रांथिक भूतकाळाविषयी वाद चालतात. आल्बेर काम्यू याने १९४२ सालच्या 'लेत्रांझे' या कादंबरीत साधा भूतकाळ जवळजवळ टाकून देऊन बोलण्यातला भूतकाळ वापरला, आणि त्यामुळे निवेदकाचा कोरडा, तुटक स्वर वाचकांस नवा वाटला. एमिल बेनव्हेनिस्त याने १९५९ साली असे प्रतिपादिले की, 'इल फी' हे घटना जणू आपणच आपणांस सांगत आहेत अशा कथनाचे रूप होय, आणि 'इल आ फे' हे 'मी' आणि 'तू' यांच्या संभाषणाचे. २०१६ सालच्या प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमाने या काळाच्या शिक्षणात तृतीय पुरुषाच्या रूपांवरच भर दिला, तेव्हा पुष्कळ टीका झाली. 'आम्ही केले' याचे 'नू फीम' हे रूप आज कोण कशास लिहील, असा एका पक्षाचा प्रश्न. जे मूल ते ओळखीत नाही त्यास जुने पुस्तक बंद झाले, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. आमच्या मते दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक खरे आहे. रूप लिहिता येणे आणि रूप ओळखता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली न आली तरी चालते, दुसरी न आली तर पूर्वजांचे बोलणे कळेनासे होते.

आपल्याकडे उपाय अवघड नाही. रीतिभूतकाळ शिकविताना त्याच्या शेजारी 'हे रूप पूर्वी वर्तमानकाळाचे होते' एवढे एक वाक्य सांगावे, आणि 'दाम करी काम' हे उदाहरण द्यावे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापिले, मोरो केशव दामले यांनी १९११ साली आपला विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून रूपे मुलांच्या पाठात आहेतच, त्यांचा इतिहास तेवढा पाठात आलेला नाही. तो आला तर ज्ञानेश्वरी हाती घेणारा मुलगा पहिल्याच पानावर बिचकणार नाही, आणि भोसल्यांच्या दप्तरात बसणारा अभ्यासक 'असे' या शब्दापाशी क्षणभर थांबेल.

फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही मग 'ज फी, तु फी, इल फी' पाठ करण्याचा कंटाळा येऊ नये. त्यास एवढेच सांगावे की, बाबा, तुझ्या घरीही असे एक रूप आहे. ते बोलण्यातून गेले तरी तुझ्या आजीच्या तोंडच्या अभंगात ते वर्तमानच राहिले आहे. परक्या भाषेचा ग्रांथिक भूतकाळ शिकताना आपल्या भाषेतला वर्तमान ओळखता आला, तर त्या पाठांतराचे श्रम फुकट गेले असे कोण म्हणेल?